झोपेची गोळी

मंडळी, आपल्याकडे शहापूर-मुरबाडात 'अ‍ॅमिट्रिप्टिलीन' हे नाव सांगून फारसं कुणाला कळणार नाही. 'रात्रीची झोपेची गोळी' म्हटलं की लगेच कळतं. आहे ती उदासीवरची. मग झोपेची कशी झाली?

थोडं मागे जाऊ. १९४९ साली मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधेवर लेख लिहिला. रक्तदाब उतरतो, हे त्यांनी रुग्णांवर पाहून दाखवलं. पुढे १९५२ मध्ये स्वित्झर्लंडात त्याच मुळीतून रेसरपीन वेगळं काढलं. ते घेणाऱ्यांना गुंगी यायची, आणि काही जण चक्क उदास व्हायचे. हे औषध मेंदूतलं सेरोटोनिन कमी करतं, हे कळल्यावर उलटा प्रश्न पडला: ते टिकवलं तर उदासी जाईल का?

तिकडे स्वित्झर्लंडातच डॉ. रोलांड कून इमिप्रामीन तपासत होते. ते ज्या रसायनांच्या घराण्यातलं, त्यातूनच अ‍ॅलर्जीवरची औषधं निघाली होती. औषध मुळात स्किझोफ्रेनियासाठी द्यायचं होतं. तिथे जमलं नाही, उदास रुग्ण मात्र सुधारले. १९५७ मध्ये त्यांनी ते छापलं. १९६१ मध्ये त्याची बहीण अ‍ॅमिट्रिप्टिलीन अमेरिकेत बाजारात आली. झोप येते ती या घराण्यामुळे: सर्दीच्या जुन्या गोळीसारखीच ती हिस्टामिनला अडवते.

आता आपल्याकडचं बघा. १९०१ पासून ठाण्याला मनोरुग्णालय आहे, आणि तेव्हापासून 'याला ठाण्याला न्या' ही आपल्या तोंडची थट्टा. (आपणही केलीच आहे की.) त्या धास्तीत 'झोपेची गोळी' हे नाव उपयोगी पडलं. सुनेला, शेजाऱ्याला काही सांगावं लागत नाही. पण घोळही त्याच नावानं केला. झोप पहिल्या-दुसऱ्या रात्री लागते; मन हलकं व्हायला दोन ते चार आठवडे जातात. आपली माणसं झोप लागली की म्हणतात, 'बरं वाटलं, आता कशाला?' आणि पाकीट फडताळात पडतं.

भाताच्या लावणीत पहाटे उठायचं असतं, तेव्हा डोकं जड राहतं. गोळी सोडू नका. डॉक्टरांना विचारून ती संध्याकाळी जरा लवकर घेता येते. आणि हो, जास्त गोळ्या एकदम पोटात गेल्या तर हृदयावर बेततं, म्हणून पाकीट घरच्या कुणाच्या तरी हाती ठेवा.