शनवारा आणि आखूड शब्द

तापीकाठच्या बुऱ्हाणपूर नगरीच्या जुन्या तटास जे दरवाजे आहेत, त्यांत शनवारा आणि इतवारा ही दोन नावे वारांवरून पडलेली आहेत. ‘शनिवार’ या शब्दातील मधला ऱ्हस्व इकार लोकांच्या जिभेवर टिकला नाही आणि मागे राहिला तो शनवारा. पुण्यातही बोलताना पेठेचे नाव शनवारच होते. गेला तो एका मात्रेचा स्वर, परंतु अर्थास धक्का लागला नाही.

आकुंचनाची सर्वच उदाहरणे इतकी निरुपद्रवी नसतात. इ. स. १६१५ च्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो या नगरीत उतरला व जहांगीर बादशहाचा पुत्र परवीझ याच्या दरबारी गेला. त्याच्या रोजनिशीत नगरीचे नाव येते ते ‘ब्रॅम्पोर’ असे. फारुकी घराण्यातील नासिरखानाने ही नगरी वसवून तिला बुऱ्हाणुद्दीन गरीब या साधूचे नाव दिले होते. ‘बुऱ्हाण’ म्हणजे प्रमाण, पुरावा. ब्रॅम्पोरात तो साधूही नाही आणि पुरावाही नाही.

या वकिलाच्या भाषेतील आखूडपणाचे शब्द मात्र मोठे कुलवान आहेत. ‘शॉर्ट’ या शब्दाच्या मुळाशी कापण्याची कल्पना आहे. अंगात घालावयाचा ‘शर्ट’ आणि कमरेस नेसावयाचा ‘स्कर्ट’ ही त्याचीच भावंडे. दोन्ही मुळात कापून आखूड केलेली वस्त्रे. तुटक उत्तरास इंग्रज ‘कर्ट’ म्हणतो, तो शब्द लॅटिनमधील ‘कुर्तुस’ म्हणजे छाटलेला, यापासून आला. भाषाशास्त्रज्ञ याच गोत्रात संस्कृतातील कापणे या अर्थाचा ‘कृत्’ धातू बसवितात. त्यापासून ‘कर्तरी’ व कर्तरीची आपली कात्री. म्हणजे शिंप्याच्या हातातील कात्री आणि तिच्याखाली बेतला जाणारा शर्ट हे दूरचे आप्त ठरतात!

‘ब्रीफ’ची कथा निराळी. लॅटिनमध्ये ‘ब्रेविस’ म्हणजे थोडका. थोडक्यात लिहिलेला कागद तोही ब्रीफ. जर्मन भाषेत आजही साध्या पत्रास ब्रीफ म्हणतात आणि इंग्रजीत वकिलाच्या हाती पडतो तो खटल्याचा ब्रीफ. आमच्या मोडी दप्तरांतील कारकुनांस हे नवे वाटले नसते. राजश्रीचा ‘रा॥’ आणि मुक्कामाचा ‘मु॥’ करून त्यांनी शाई व कागद दोन्ही वाचविले. इ. स. १७६० मध्ये उदगीरच्या विजयानंतर बुऱ्हाणपूर पेशव्यांकडे आले, तेव्हा त्या काळच्या मराठी पत्रव्यवहाराची हीच रीत होती.

फारसीतील ‘कोताह’ म्हणजे आखूड. मराठीने तो ‘कोता’ म्हणून घेतला, पण कापडास न लावता मनास लावला. बाही आखूड असते, मन कोते असते. परकीय शब्द घरात घेऊन त्यास नेमके काम देण्याची ही हातोटी आज कोठे गेली?

कारण आज ‘शॉर्ट’ हा एकच शब्द सर्वांची जागा बळकावीत आहे. माणूस शॉर्ट, झगा शॉर्ट, वाट शॉर्ट, दुकानदारास दिलेले पैसेही शॉर्ट! आपल्याकडे माणूस ठेंगणा, झगा तोकडा, वाट जवळची, पैसे कमी आणि पत्रातील मजकूर त्रोटक. गाईची शिंगे तर आखूडच हवीत. आखूडशिंगी, बहुदुधी ही म्हण शॉर्ट शिंगांनी कशी चालावी? ठेंगण्या घरात माया असते आणि तोकड्या वस्त्रात उणीव. हा भेद एका शब्दात मावत नाही.

देवालयात नित्य कानी पडणारा ‘लघु’ शब्दही असाच जपून वापरावा लागतो. लघुरुद्र म्हणून कोणी घाईने उरकू पाहील तर फसेल. रुद्राची अकरा आवर्तने ती एकादशिनी आणि अशा अकरा एकादशिनींचा एक लघुरुद्र, म्हणजे १२१ आवर्तने. तो लघु आहे तो १३३१ आवर्तनांच्या महारुद्रापुढे.

आमच्या कोंकणी वाचकांच्या घरी आखुडास ‘मटवें’ म्हणतात. नातवाचा सदरा वर्षभरात मटवो झाला, असे आजी अजून म्हणते. नातू मात्र आरशापुढे उभा राहून तो शॉर्ट झाल्याचे सांगतो.