पैसे परत करणारा चित्रकार

आज मार्क रॉथ्कोविषयी. जन्म १९०३चा, आजच्या लॅटव्हियातला. दहाव्या वर्षी अमेरिकेत आला. त्याच्या गाजलेल्या चित्रांत ना माणूस, ना झाड. रंगाचे पातळ थर एकावर एक देऊन केलेले मोठाले, धूसर कडांचे चौकोन!

१९५८ साली न्यूयॉर्कच्या ‘फोर सीझन्स’ या महागड्या उपाहारगृहाच्या भिंतींसाठी त्याच्याकडून चित्रं मागवली गेली. त्याने गडद तांबडी, काळपट चित्रं रंगवली. मग एकदा तो तिथे जेवायला गेला, आणि त्याने पैसेच परत केले. आपल्या चित्रापुढे माणसाने थांबावं, एवढीच त्याची अपेक्षा.

त्यातली काही चित्रं त्याने लंडनच्या टेट संग्रहालयाला दिली. ती पोचली २५ फेब्रुवारी १९७०ला. त्याच दिवशी न्यूयॉर्कमध्ये त्याने आत्महत्या केल्याचं उघड झालं.

अशी चित्रं कळतात का, हा वाद चालू राहील. आपलं काम कुठे लागू नये हे ठरवून त्याची किंमत मोजणारा माणूस मात्र मला कळतो.