आढं राहू दे!

"मावशी, मी गाडीचं छप्पर कापून घेतोय."

अमेरिकेतला भाचा हे इतक्या सहज म्हणाला, जणू केस कापायला निघाला होता. नवी कोरी मस्टँग घेतलीय, चारशेच्या वर अश्वशक्तीची. तिचं छप्पर कापून तिथे हाताने काढता-घालता येतील अशा दोन काचा बसवून देणारा एक कारागीर त्याला सापडलाय. दहा मिनिटांनी धाकट्या बहिणीचा फोन. "ताई, तूच सांग त्याला. माझं कुठे ऐकतो तो!"

आता मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. स्टिअरिंगला कधी हात लावला नाही. पण मुलाला नाही म्हणायचं तर कारण देता आलं पाहिजे, ही जुनी खोड. म्हणून वाचायला बसले, आणि या काढत्या छपराला चांगला पाऊणशे वर्षांचा इतिहास आहे असं कळलं.

गॉर्डन ब्यूरिग नावाचे एक अमेरिकन रचनाकार होते. 1930च्या दशकातल्या कॉर्ड 810 या देखण्या गाडीचं रूप त्यांचंच. त्यांनी 1948 साली टास्को नावाची एक नमुन्याची गाडी केली. तिच्या छपराच्या मधोमध पुढून मागे एक पट्टी ठेवली आणि दोन्ही बाजूंचे तुकडे उचलून काढता येतील असे केले. 1951 मध्ये त्यांना त्याचं पेटंटही मिळालं. गाडी काही बाजारात आली नाही, पण कल्पना राहिली. हेच पुढे टी-टॉप म्हणून ओळखलं गेलं.

चित्र पाहिलं आणि मला आमचं कोकणातलं घर आठवलं. ती मधली पट्टी म्हणजे आढंच की! कौलं हवी तेव्हा उतरवा, शाकारणी करा, पण आढं जागेवर राहिलं पाहिजे.

1965 साली पोर्शने फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात 911 टार्गा मांडली. नाव सिसिलीतल्या 1906 पासूनच्या टार्गा फ्लोरिओ शर्यतीवरून घेतलेलं. त्याच वर्षाच्या शेवटी अमेरिकेत राल्फ नेडर यांचं मोटारींच्या असुरक्षिततेवरचं पुस्तक आलं, आणि 1966 मध्ये वाहन सुरक्षेचा कायदाच झाला. उघड्या गाड्यांवर बंदी येणार अशी हवा होती. म्हणून पोर्शने डोक्यामागे पोलादाची एक रुंद कमान ठेवली आणि तिच्या पुढचं छप्पर काढता येईल असं केलं. गाडी उलटली तर माणूस चिरडू नये, हा हेतू.

1968ची शेव्हरोले कॉर्व्हेट तर मला फारच शिकवून गेली. तिचं छप्पर आधी एकसंध काढायचं ठरलं होतं. पण फायबरग्लासचं ते अंग पिळवटू लागलं, कुरकुरू लागलं. शेवटी मध्ये पट्टी घालावी लागली. ब्यूरिगसाहेबांचं आढं परत आलं!

हे पिळवटणं समजायला इंजिनिअर व्हायला नको. बुटांचा रिकामा खोका घ्या. झाकण घट्ट चिकटवून दोन्ही टोकांनी पिळा. आता झाकण काढून पिळा. फरक हाताला कळतो. जुन्या गाड्यांना खाली बैलगाडीसारखी वेगळी भक्कम चौकट असे, छप्पर नुसतं उन्हापावसापुरतं. मस्टँगसारख्या गाडीत तशी वेगळी चौकट नाही. तिथे तळ, खांब आणि छप्पर मिळूनच गाडी उभी असते.

असो. पुढे 1976 मध्ये कॅडिलॅकने एल्डोराडो ही "शेवटची अमेरिकन उघडी गाडी" म्हणून विकली. त्याच वर्षी पाँटिअॅकच्या ट्रान्स अॅमला हर्स्ट कंपनीचे टी-टॉप मिळू लागले. 1977 साली बर्ट रेनॉल्ड्सच्या "स्मोकी अँड द बँडिट" सिनेमात काळी ट्रान्स अॅम धावली आणि लोक वेडे झाले. 1980च्या दशकात खुद्द मस्टँगलाही कारखान्यातूनच टी-टॉप मिळत. तक्रार एकच, गळती! पाऊस आला की मांडीवर पाणी.

इथे मी थांबले. आमच्याकडे काकाच्या लग्नात मांडव प्रशस्त व्हावा म्हणून माजघराचा एक खांब काढला होता. काही झालं नाही. लग्न थाटात झालं. पण पावसाळ्यात तीन ठिकाणी गळू लागलं. सगळे कौलं बदलत राहिले. आजी एकटीच वर बघत म्हणाली, "कौलांचं काही नाही रे, आढं वाकलंय." गळती हे लक्षण होतं, दुखणं दुसरीकडेच होतं. गाड्यांचंही थोडं तसंच. अंग वळलं की काच आणि रबराची मिठी सुटते.

2002 मध्ये कॅमेरो आणि फायरबर्ड बंद झाल्या, तसे टी-टॉपही गेले. 2009 साली अमेरिकेने छपराचा नियम कडक केला. आधी गाडीच्या वजनाच्या दीडपट भार सोसला तरी चाले, आता तिप्पट. म्हणून हल्ली खांबांत असं कणखर पोलाद असतं की नको तिथे वेल्डिंगची धग लागली तर त्याची ताकदच जाते. शिवाय दारावरच्या कडेत पडद्यासारखी एअरबॅग दडलेली असते.

मग मी भाच्याला "नको" म्हटलंच नाही. म्हटलं, "कारागिराला तीन प्रश्न विचार. कापलेल्या छपराची ताकद तळात कुठे भरून काढणार? कुठल्या पोलादाला धग लावणार? आणि त्या पडद्याच्या एअरबॅगचं काय?"

चार दिवसांनी फोन आला. पहिल्या दोन प्रश्नांना बरी उत्तरं मिळाली होती. तिसऱ्याला कारागीर म्हणाला, "ती काढून टाकू." भाचा जरा गप्प झाला. मग म्हणाला, "मावशी, मागच्या सीटवर पोरगी बसते गं."

मी काही बोलले नाही. तो आता ही गाडी विकून कारखान्यातूनच उघडी येणारी मस्टँग बघतोय. तिला तळातून जादा बळकटी दिलेली असते. बहिणीला वाटतं मी त्याला वळवलं. मी फक्त आजीसारखं वर बघायला सांगितलं.

त्याला वारा हवाय, तो त्याने जरूर घ्यावा. त्या पोरीलाही घेऊ दे.