महोनिया: एका माळ्याच्या नावाचं झुडूप

पोर्टलंड किंवा सिअॅटलमध्ये राहत असाल, तर हे झुडूप तुम्ही नक्की पाहिलंय. चकचकीत हिरवी, कडेला काटे असलेली पानं. वसंतात पिवळ्याधमक फुलांचे घोस, उन्हाळ्याच्या शेवटी निळसर आंबट फळं. लोक याला ‘ऑरेगन ग्रेप’ म्हणतात, पण द्राक्षाशी याचं काही नातं नाही. १८९९ मध्ये ऑरेगननं याला राज्यफुलाचा मान दिला. शास्त्रीय नाव महोनिया अॅक्विफोलियम, किंवा बर्बेरिस अॅक्विफोलियम. या ‘किंवा’मागे दोनशे वर्षांचा इतिहास आहे.

आधी ओळख पटवून घेऊ. फांदी थोडी खरवडून बघा. आतून हळदीसारखी पिवळी दिसेल. आपली दारुहळद याच कुळातली, आणि दोन्हींचा पिवळेपणा बर्बेरिन या एकाच द्रव्याचा. वायव्य अमेरिकेतले मूळ रहिवासी याची फळं खात आणि मुळा-सालीच्या पिवळ्या रंगात टोपल्यांचं सामान रंगवत. गोऱ्या माणसांनी याचा ‘शोध’ लावला तो त्यानंतर.

१८०४ ते १८०६ या काळात मेरिवेदर लुईस आणि विल्यम क्लार्क यांची मोहीम पॅसिफिक किनाऱ्यापर्यंत जाऊन आली. १२ फेब्रुवारी १८०६ ला, फोर्ट क्लॅटसॉपच्या हिवाळी मुक्कामात, लुईसनं रोजनिशीत दोन सदाहरित झुडपांचं बारकाईनं वर्णन केलं. तीच ही महोनिया आणि तिची ठेंगणी बहीण. मोहीम परतल्यावर राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांनी आणलेल्या बियांचा एक वाटा फिलाडेल्फियातल्या बर्नार्ड मॅकमॅहन यांच्याकडे सोपवला. मॅकमॅहन मूळचे आयर्लंडचे. बियाण्यांचं दुकान आणि रोपवाटिका चालवायचे, आणि १८०६ मध्येच त्यांचं बागकामाचं मोठं पुस्तक निघालं होतं.

आता विचार करा, ज्या वनस्पती दुसऱ्या कुणाकडेच नाहीत त्या तुमच्या वाफ्यात उगवल्यात आणि तुमचा धंदाच रोपं विकायचा आहे. मॅकमॅहन यांनी काय केलं? १८०९ च्या डिसेंबरात त्यांनी जेफरसनना कळवलं, की या बियांपासून वाढवलेलं एकही रोप आपण हाताबाहेर जाऊ दिलेलं नाही, एक बीसुद्धा नाही. भीती एकच: कुणी वनस्पतिशास्त्रज्ञ ते मिळवेल आणि पहिलं वर्णन छापण्याचा लुईसचा हक्क हिरावून घेईल.

पण लुईस त्याच वर्षी ऑक्टोबरात वारला होता. चित्रं आणि वर्णनं करायला नेमलेला फ्रेडरिक पुर्श पुढे इंग्लंडला गेला, बरोबर काही नमुनेही घेऊन गेला. १८१४ साल छापलेल्या त्याच्या ग्रंथात या झुडपाचं पहिलं शास्त्रीय वर्णन आलं, बर्बेरिस अॅक्विफोलियम या नावानं. १८१६ मध्ये मॅकमॅहन गेले. दोनच वर्षांनी थॉमस नटॉलनं या झुडपांना बर्बेरिसपासून वेगळं काढलं आणि नव्या प्रजातीला त्यांचं नाव दिलं: महोनिया.

वेगळं काढायचं कारण तुम्हालाही डोळ्यांनी तपासता येतं. बर्बेरिसची पानं साधी, आणि फांदीवर पानाच्या बुडाशी काटे. महोनियाचं पान संयुक्त असतं, म्हणजे एका देठावर दोन्ही बाजूंना पर्णिका आणि टोकाला एक. काटे असतात ते पर्णिकांच्या कडेला, फांदीवर नाही. हॉलीशी गोंधळ होतो, पण हॉलीचं प्रत्येक पान सुटं असतं.

हा फरक पुढे सरकारदरबारीही महत्त्वाचा ठरला. गव्हावरचा काळा तांबेरा, ज्याला आपल्याकडे गेरवाही म्हणतात, आयुष्याचा एक टप्पा बार्बेरीच्या झुडपावर काढतो, हे १८६५ मध्ये अँटोन डी बारी यांनी दाखवलं होतं. १९१६ ला अमेरिकेत तांबेऱ्यानं गव्हाचं मोठं नुकसान केलं. महायुद्ध चालू, धान्याची गरज, म्हणून १९१८ मध्ये गव्हाच्या पट्ट्यातल्या १३ राज्यांत बार्बेरी उपटायची मोहीम निघाली. मुख्य आरोपी होती युरोपातून आणलेली कुंपणाची बार्बेरी. पण काही महोनियांनाही तांबेरा लागू शकतो, म्हणून संशयितांच्या यादीत हेही नाव चढलं. आजही एका राज्यातून दुसऱ्यात महोनिया पाठवण्यावर केंद्राचे नियम आहेत. तांबेऱ्याला दाद न देणारे प्रकार वेगळे नोंदलेत, आणि ऑरेगन ग्रेप त्यात बसते.

भारतात हे गणित निराळं निघालं. आग्र्याच्या करमचंद मेहता यांनी दाखवलं, की आपल्याकडे बार्बेरीची यात भूमिका नाही. मैदानात उन्हाळ्यात गहू नसताना तांबेरा डोंगरांवरच्या गव्हावर तग धरतो आणि वाऱ्यावर खाली येतो. महाबळेश्वरला गहू गेरवा संशोधन केंद्र आहे हे ऐकून नवल वाटलं असेल, तर डोंगराचा हा संबंध लक्षात घ्या.

तुम्हाला लावायची असेल, तर अर्धी सावली आणि ओल धरणारी पण पाणी न साचणारी माती द्या. हिवाळ्यातल्या कोरड्या वाऱ्यानं पानं करपतात, तेव्हा आडोसा हवा. थंडीत पानं जांभळट झाली तर घाबरू नका, ते नेहमीचंच. बी ताजं असतानाच शरदात पेरा. थंडी खाल्ल्याशिवाय ते उगवत नाही. फुटवे काढून किंवा दाब कलम करूनही रोपं होतात. जॉर्जिया, कॅरोलायनाकडे असाल तर मोठ्या जाड पानांची चिनी महोनिया बीली टाळा. पक्षी तिचं बी जंगलात नेतात आणि ती तिथे पसरते.

आणि ते ‘किंवा’? १९९७ मध्ये उत्तर अमेरिकेच्या अधिकृत वनस्पतीकोशानं महोनियाला पुन्हा बर्बेरिसमध्ये घातलं. २०१७ मध्ये तैवानच्या संशोधकांनी जनुकं तपासून ती वेगळीच असल्याचं मांडलं. वाद अजून मिटलेला नाही. रोपवाटिकेत मात्र पाटीवर बहुतेक ठिकाणी ‘महोनिया’च लिहिलेलं दिसेल. ते वाचताना एक बीसुद्धा हाताबाहेर जाऊ न देणाऱ्या त्या दुकानदाराची आठवण ठेवा.