हृदयाचा पडदा आणि इब्न अल-नफीस

रक्ताभिसरण शिकवताना आम्ही शिक्षक विल्यम हार्वेचे नाव सांगतो. त्याआधीचे एक नाव मात्र राहून जाते.

हृदयाच्या उजव्या-डाव्या कप्प्यांमधील पडद्याला सूक्ष्म छिद्रे असून त्यांतून रक्त पलीकडे जाते, असे ग्रीक वैद्य गॅलनचे मत होते. हजार वर्षे ते कुणी खोडले नाही. दमास्कसला शिकलेले, कैरोत नावारूपाला आलेले हकीम इब्न अल-नफीस यांनी 1242 साली इब्न सिनांच्या ‘अल-कानून’मधील शरीररचनेवर भाष्य लिहिले. त्यात त्यांनी स्पष्ट म्हटले, की पडदा भरीव आहे. रक्त उजव्या कप्प्यातून फुफ्फुसात जाते, तेथे हवेत मिसळते आणि मग डाव्या कप्प्यात येते. ज्या ग्रंथावर भाष्य लिहायचे, त्याच्याशीच मतभेद नोंदवायचा, ही हिंमत त्यांनी दाखवली.

संपूर्ण शरीरातील अभिसरण हार्वेने 1628 मध्ये सिद्ध केले. ते श्रेय त्याचेच. पण इब्न अल-नफीस यांचे हे मत शतकानुशतके विस्मृतीत गेले. 1924 मध्ये जर्मनीत शिकणाऱ्या अल-ततावी या इजिप्शियन डॉक्टरने बर्लिनमधील हस्तलिखितातून ते उजेडात आणले.

अभिमान बाळगावा, पण आपल्या किताबा आपणच उघडून वाचाव्यात आणि मुलांच्या प्रश्नांना बेअदबी समजू नये.