सांता मारिया नोव्हेला

* फ्लॉरेन्समधील डोमिनिकन पंथीयांचे गॉथिक चर्च. आतल्या भिंतीवर दिसणारा कमानदार गाभारा खरा नव्हे. चित्रकार मसाच्चोने १४२७च्या सुमारास सपाट भिंतीवर रंगवलेले ते ‘पवित्र त्रैक्य’ आहे. यथादर्शनाचा इतका नेमका वापर त्याआधीच्या चित्रांत क्वचितच दिसतो. चित्रातील छताच्या रेषा क्रुसाच्या पायथ्याशी, साधारण पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर मिळतात. म्हणून चित्र अगदी समोर, थोडे मागे उभे राहूनच पाहावे. सोळाव्या शतकात वासारीने पुढे वेदी उभारून ते झाकले, पण पुसले नाही, हे आपले भाग्य. एकोणिसाव्या शतकात ते उघड झाले. चित्राच्या तळाशी रंगवलेला सांगाडा १९५२मध्ये त्याला पुन्हा जोडला गेला. गिर्लांदायोची मुख्य वेदीमागील चित्रे (१४८५-९०) नंतर पाहिली तरी चालतील.