एकच तबकडी

वडिलांचं कोल्हापुरात रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. त्याच्या मागच्या खोलीत 1986 साली मी ध्वनिमुद्रण सुरू केलं. दाराला दोन गोधड्या, भिंतींना अंड्यांचे ट्रे आणि कॅसेटवर चार ट्रॅक घेणारं एक जुनं मशीन, एवढ्यावर सगळं चालायचं. भजनी मंडळं यायची, शाहीर यायचे, आणि परीक्षा संपल्या की कॉलेजातली पोरं गिटार खांद्याला लावून यायची. “दादा, दोनच गाणी आहेत, तासाभरात होतील.” तासाभरात कधीच व्हायची नाहीत. पण पोरांनी वर्गणी काढून आणलेले पैसे मोजताना मला घाई करवत नसे.

त्या खोलीत वीस वर्षं काढल्यामुळे असेल, लिव्हरपूलच्या पर्सी फिलिप्सकडे मी परका माणूस म्हणून बघूच शकत नाही. त्या शहरात 38, केन्सिंग्टन या पत्त्यावर त्याचं विजेच्या सामानाचं आणि रेकॉर्डचं दुकान होतं. 1955 साली त्यानं टेप रेकॉर्डर आणि तबकडी कापायचं यंत्र घेतलं आणि घरातल्याच एका खोलीत पैसे घेऊन लोकांचे आवाज उतरवायला सुरुवात केली. रस्त्यावरच्या रहदारीचा आवाज आत येऊ नये म्हणून तो दाराखिडक्यांना ब्लँकेटं टांगायचा. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या गोधड्या डोळ्यांसमोर आल्या.

तेव्हा इंग्लंडमधल्या मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांचं सगळं काम लंडनमध्ये चाले. लिव्हरपूलच्या गल्लीतल्या पोरांना तिथं कोण विचारणार? त्यात 1956 साली लॉनी डोनेगनच्या ‘रॉक आयलंड लाइन’ या गाण्यानं पोरांना वेड लावलं. एक स्वस्त गिटार, कपडे धुण्याचा पन्हळी फळा आणि चहाच्या खोक्याला काठी-दोरी बांधून केलेला बेस, एवढ्यावर बँड उभा राहायचा. या प्रकाराला स्किफल म्हणत. पुढे ‘बीटल्स’मुळे जगाला माहीत झालेल्या जॉन लेननचा ‘क्वारीमेन’ हा त्यातलाच एक. 6 जुलै 1957 रोजी वूल्टनच्या चर्चच्या जत्रेत हा बँड वाजवत होता, तिथं पॉल मॅकार्टनी त्याला भेटला. पुढे पॉलनं जॉर्ज हॅरिसनला आणलं. वर्षभरात फळा आणि खोकं दोन्ही मागे पडली.

जुलै 1958 मध्ये पाच जण फिलिप्सच्या दारात उभे राहिले. लेनन 17 वर्षांचा, मॅकार्टनी 16, हॅरिसन 15, पियानोवाला जॉन लो 16 आणि ड्रमवाला कॉलिन हँटन 19. समोर साठी ओलांडलेला फिलिप्स. दोन्ही बाजूंच्या तबकडीचे 17 शिलिंग 6 पेन्स झाले असं सहसा सांगितलं जातं. मॅकार्टनीच्या आठवणीत मात्र प्रत्येकी एक पौंड आहे. लहानपणी खिसा रिकामा करून दिलेले पैसे पुढे आठवताना वाढतात, हे मी माझ्या गिऱ्हाइकांमध्येही पाहिलं आहे.

खोलीत सगळ्यांसाठी एकच माइक. आज प्रत्येक वाद्य वेगळं घेऊन नंतर त्याचा आवाज कमीजास्त करता येतो. एका माइकवर ते जमत नाही. तिथं तोल माणसांच्या जागेनंच साधावा लागतो. गाणारा पुढे, पियानो मागे आणि ड्रम जमेल तितका लांब. तरीही ड्रम सगळ्यांवर चढायला लागला, तेव्हा हँटननं स्नेअरवर स्कार्फ टाकला. ही युक्ती कुणाला शिकवावी लागत नाही. माझ्याकडे ताशावर टॉवेल यायचा.

एका बाजूला बडी हॉलीचं ‘दॅट’ल बी द डे’ झालं. दुसऱ्या बाजूचं गाणं त्यांचं स्वतःचं होतं, ‘इन स्पाइट ऑफ ऑल द डेंजर’. त्यावर मॅकार्टनी आणि हॅरिसन ही दोन नावं आहेत, कारण गिटारचा तुकडा हॅरिसनचा. ही जोडी पुढे कधी नावाजली गेली नाही, म्हणून मला तिचं जास्त अप्रूप. दोन्ही गाण्यांत आवाज लेननचा. हे दुसरं गाणं लांबलं होतं, जवळजवळ साडेतीन मिनिटांचं. मिनिटाला 78 फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीवर सुई कडेकडून मध्याकडे सरकते, आणि जागा संपली की संपली. शेवटी फिलिप्स हातवारे करून ‘आटपा, आटपा’ असं खुणावत होता, अशी लोची आठवण आहे. गाणाऱ्याला भान नसतं, सुई तर मध्याजवळ आलेली. रेकॉर्डिंग करणाऱ्याच्या पोटात त्या वेळी जो गोळा येतो, तो मला ठाऊक आहे.

तबकडीचं सांगायलाच हवं. ती बाजारात मिळणाऱ्या रेकॉर्डसारखी नसायची. अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर लाखेसारख्या मऊ रसायनाचा थर, आणि त्यात सुई थेट चर कापत जायची. साचा नाही, छापणं नाही. जी कापली ती एकुलती एक. शिवाय दर वाजवणीला चर झिजतो, बारीक आवाज आधी जातात आणि खरखर वाढते. म्हणजे ऐकायसाठी केलेली वस्तू ऐकल्यानंच संपत जाते. टेप महाग, म्हणून काम झालं की ती पुसून पुढच्या गिऱ्हाइकाला वापरायची, ही अशा दुकानांची रीत. क्वारीमेनचं गाणं आधी टेपवर घेतलं असेल, तरी ती टेप मागे राहिली नाही. पाच पोरं आणि एक तबकडी. त्यांनी ती आळीपाळीनं आपापल्या घरी ठेवली.

त्याच 1958 च्या 15 जुलैला लेननची आई ज्युलिया मोटारखाली सापडून गेली. या तबकडीची गोष्ट सांगताना ती तारीख वगळता येत नाही. तिनंच त्याला पहिले सूर वाजवायला शिकवले होते.

शेवटी तबकडी जॉन लोकडे राहिली आणि वीसेक वर्षं त्याच्या घरात पडून होती. 1981 साली तो ती विकायला निघाला, तेव्हा मॅकार्टनीनं ती विकत घेतली, थोड्या प्रती काढल्या आणि जवळच्या माणसांना वाटल्या. नोव्हेंबर 1995 मध्ये बीटल्सच्या ‘अँथॉलॉजी 1’ या संग्रहात दोन्ही गाणी जगानं ऐकली, दुसरं थोडं छाटून. माझ्या मते छाटायला नको होतं. तबकडी संपत आली तरी न थांबणारी पोरं, हाच त्या गाण्याचा प्राण.

अमेरिकेत मेम्फिसला असाच एक धंदा होता, आणि योगायोग असा की मालकाचं आडनावही फिलिप्सच. सॅम फिलिप्सनं 1950 साली 706, युनियन अव्हेन्यूवर दुकान उघडलं, आणि 1953 च्या उन्हाळ्यात 18 वर्षांच्या एल्व्हिस प्रेस्लीनं तिथं चार डॉलरच्या आत दोन गाण्यांची तबकडी करून घेतली. तीही एकच, आणि तीही मित्राच्या घरी राहून वाचली. 2015 साली लिलावात तिला 3 लाख डॉलर आले. सॅम फिलिप्स इतिहासात गेला, कारण पुढे त्यानंच एल्व्हिसच्या रेकॉर्ड काढल्या. पर्सी फिलिप्सनं तसं काही केलं नाही. गायक बिली फ्युरीही पुढे नाव होण्याआधी त्याच्याकडे गायला होता. दारी येईल त्याचं काम चोख करायचं, पैसे घ्यायचे, पुढच्याला आत घ्यायचं. मला हा मोठेपणा वाटतो. आता 38, केन्सिंग्टनच्या भिंतीवर फलक आहे.

मी काय केलं, तेही सांगतो. 1991 साली चार पोरांनी माझ्याकडे स्वतःची दोन मराठी गाणी केली. एक कॅसेट मी त्यांना दिली. मूळ कॅसेट पुढच्या आठवड्यात पुसली, कारण त्यावर एका मंडळाची काकड आरती घ्यायची होती. वीस वर्षांनी त्यांच्यातला ड्रमवाला आला. त्याच्या घरच्या कॅसेटवर धाकट्या बहिणीनं विविध भारतीवरची गाणी भरली होती. “दादा, तुमच्याकडे मूळ असेल ना?” तो खुर्चीच्या कडेवर बसला होता. मी नाही म्हणालो. त्या गाण्याचं धृपद मला अजून येतं. मी ते म्हणून दाखवलं, आणि दोन ओळी त्यानं जोडल्या. तिसरी आम्हा दोघांनाही आठवली नाही.

माझ्याकडून मूळ पुसली गेली ती नाइलाजानं. कॅसेटी महाग होत्या. पण पोरांना दिलेली वाचवणं माझ्या हातात होतं, आणि ते मी केलं नाही. म्हणून वाचणाऱ्याला एक विनंती. माळ्यावर, ट्रंकेत, शिवणयंत्राच्या खणात कुणाच्या बँडची, मेळ्याची, आजीच्या ओव्यांची घरी भरलेली कॅसेट असेल, तर लगेच वाजवू नका. आत फितीमागचा फेल्टचा छोटा तुकडा जागेवर आहे का ते बघा. फीत सैल असेल तर पेन्सिलीनं सावकाश ओढून घ्या, आणि चांगल्या मशीनवर एकदाच वाजवून संगणकावर उतरवून घ्या. आणि त्याही आधी, कॅसेटच्या मागच्या कडेला प्लास्टिकचे दोन छोटे कान असतात, ते मोडून टाका. ते मोडले की त्या कॅसेटवर दुसरं काही भरता येत नाही.